माहिती वर जाते, परत येत नाही

डिसेंबर 2024 संपता संपता बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, बाप्ये, शाळेतली पोरे, कुणीच सुटले नाही. जानेवारी 2025च्या उत्तरार्धापर्यंत 18 गावांत 279 रुग्ण मोजले गेले. बातम्यांनी याला 'टक्कल व्हायरस' असे नाव दिले आणि सोयरिकीच्या बोलण्यांतही त्या नावाचा अडसर होऊ लागला.

आरोग्य खात्याचा पहिला संशय बुरशीच्या संसर्गावर गेला, दुसरा पाण्यावर. पाण्यात नायट्रेट आणि क्षार मर्यादेबाहेर निघाले. पण या खारपाणपट्ट्यातले, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातले, पाणी पिढ्यान्‌पिढ्या तसेच आहे. केस मात्र याच हिवाळ्यात गेले. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि एम्स यांची पथके आली, नमुने घेऊन गेली. फेब्रुवारीत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपला निष्कर्ष मांडला. विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर नाव झालेल्या या डॉक्टरांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि त्यांच्या घरातला गहू तपासून घेतला. सगळ्यांत सेलेनियम प्रमाणाबाहेर होते, आणि ते रेशनच्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हातून शरीरात गेले, असे त्यांचे म्हणणे. पंजाबातून त्यावर आक्षेप घेतला गेला. एप्रिलमध्ये याच गावांतल्या लोकांची नखे तुटू लागली. सेलेनियम शरीराला अगदी थोडे लागते. ते जास्त झाले की केस आणि नखेच आधी जातात, हे वैद्यकशास्त्राला नवे नाही. पंजाबातल्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हेही कृषिशास्त्रज्ञांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे.

गव्हाच्या वादाचा निकाल लावणे हा या लेखाचा विषय नाही. विषय असा, की संशय कुठे घ्यायचा हे ठरवायला लागणारी बरीचशी माहिती पहिल्या दिवसापासून सरकारकडेच होती. कोणत्या कार्डावर कोणत्या तारखेला किती गहू गेला, हे रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रात होते. गोदामातून कोणत्या दुकानात किती पोती उतरली, हे तहसीलच्या पुरवठा शाखेत होते. पाण्याचे जुने अहवाल जिल्हा परिषद आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे होते. रुग्णांची यादी आरोग्य केंद्रांत तयार होत होती. बाधित घरे आणि त्यांचे दुकान हे दोन तक्ते शेजारी ठेवून, शेजारच्या अबाधित गावांशी ताडून पाहणे हे एका दुपारचे काम. त्याने कारण सिद्ध झाले नसते, पण पाण्याबरोबर धान्याचाही माग पहिल्या आठवड्यात लागला असता. प्रत्येक कार्यालय आपापला अहवाल वर पाठवत होते. बाजूच्या कार्यालयात मात्र कुणी काही पाठवले नाही, कारण तसे पाठवण्याची रीतच नाही.

स्थानिक आणि राज्य पातळीवरच्या सरकारी यंत्रणांनी एकमेकांना माहिती द्यावी, म्हणजे लोकांना सेवा नीट मिळतील, ही मागणी आता सगळीकडे ऐकू येते. तिच्याकडे शेगावातून पाहिले की एक गोष्ट ठळक होते. आपल्याकडे माहितीचा तुटवडा नाही, तिच्या दिशेचा दोष आहे. ती वर चढते. आडवी जात नाही, आणि ज्या गावाची ती असते त्या गावाला परत तर मिळतच नाही.

भिंती कुठून आल्या

गावाची नोंद ठेवणे शेगाव ज्यात येते त्या वऱ्हाडाला नवे नाही. 1853मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला आणि जमीन मोजणी, सारा, पीक यांची दप्तरे पटवाऱ्याच्या हाती पक्की झाली. आजचे गाव नमुने 1 ते 21 त्याच परंपरेतले. सातबारा म्हणजे त्यातलाच नमुना सात आणि नमुना बारा. ही दप्तरे सरकारला सारा वसूल करता यावा म्हणून होती. वर जाणे हाच त्यांचा धर्म होता. ही पहिली भिंत.

दुसरी भिंत 1 मे 1962 रोजी उभी राहिली. त्या दिवशी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि एका जिल्ह्यात दोन घरे झाली. जमीन, रेशन, आपत्ती ही कामे जिल्हाधिकारी-तहसीलदारांच्या घरात राहिली. प्राथमिक आरोग्य, पिण्याचे पाणी, शाळा, अंगणवाडी ही जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या घरात गेली. शेगाव शहरापुरते तिसरे घर नगर परिषदेचे. एवढ्यावर भागत नाही. आरोग्य खात्यातही आडभिंत आहे: गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला उत्तर देते, तर शेगावचे सईबाई मोटे उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या जिल्हा शल्य चिकित्सकाला. बोंडगावचा रुग्ण उपकेंद्रात गेला तर एका वहीत, शेगावात गेला तर दुसऱ्या वहीत, आणि खामगाव किंवा अकोल्याच्या खासगी दवाखान्यात गेला तर बहुधा कुठल्याच सरकारी वहीत नाही.

सत्ता विकेंद्रित करणे योग्यच होते. चूक एवढीच, की कामे वाटताना माहितीचे दरवाजे ठेवले नाहीत.

आरोग्य : रकान्यात न बसणारे आजार

देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004मध्ये सुरू झाला. 2021पासून त्याचे काम एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर चालते. उपकेंद्राचा आरोग्य सेवक लक्षणे भरतो, डॉक्टर संशयित रुग्ण भरतो, प्रयोगशाळा निदान भरते. डेंग्यू, हिवताप, गोवर, अतिसार यांसाठी ही व्यवस्था उपयोगी आहे, कारण त्यांचे रकाने ठरलेले आहेत. केस गळणे हे साथीच्या आजारांच्या यादीतले लक्षण नव्हे. अशा वेळी रकान्यांचा अहवाल 'निरंक' जातो आणि गाव मात्र टक्कल पडलेले असते.

दुसरी अडचण भरणाऱ्याची. एकाच बाळाचे वजन अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकरमध्ये भरते, त्याच बाळाची लसीकरणाची नोंद आरोग्य सेविका तिच्या प्रणालीत करते, आणि आशाताई दोघींसाठी घरोघर फिरून वही वेगळी ठेवते. शाळेत गेले की तेच मूल सरल आणि यू-डायस या शालेय नोंदींच्या प्रणालींत नव्याने जन्म घेते. आईचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे. जन्मतारीख कुठे खरी, कुठे शाळाप्रवेशासाठी सोयीची. पुढे या नोंदी जुळत नाहीत तेव्हा दोष येतो तो आईच्या माथी, दाखले आणायला.

पाणी : अहवाल आहेत, उतारा नाही

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतली गावे त्यात येतात. खारे पाणी आणि मूत्रपिंडाचे आजार हा इथला जुना आणि जिव्हाळ्याचा प्रश्न. म्हणूनच वान धरणाचे गोडे पाणी नळाने आणण्याच्या योजना झाल्या. शेतीसाठी 2018मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पोकरात, निवडलेल्या 5,142 गावांपैकी 932 गावे याच पट्ट्यातली होती.

म्हणजे या पाण्याचा अभ्यास कमी झालेला नाही. भूजल यंत्रणा विहिरींची पातळी मोजते. प्रयोगशाळा रासायनिक तपासणी करतात. आरोग्य विभाग पाण्यातले जंतू तपासतो आणि ग्रामपंचायतीला जोखमीप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे कार्ड देतो. जलजीवन मिशनखाली गावातल्या महिलांनाही तपासणीचे संच मिळाले. कृषी खात्याने मातीची आरोग्यपत्रिका दिली. तिकडे कोणत्या गावात डायलिसिसवर किती माणसे आहेत, याचा अंदाज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुऱ्यांवरून बांधता येतो. पाणी, माती आणि मूत्रपिंड या तीन गोष्टींच्या नोंदी तीन खात्यांत आहेत. त्या गावनिहाय एका कागदावर आणून ग्रामसभेपुढे ठेवणे कोणत्याच खात्याच्या कामात बसत नाही. लाल कार्ड ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागते, पण कोणत्या हातपंपामुळे आणि कशाच्या प्रमाणामुळे, हे बाईला हंडा भरताना कळत नाही.

जिथे जमले, तिथे का जमले

चित्र सगळेच काळे नाही. पूर्वी जमिनीची खरेदी झाली की सूची क्रमांक दोनचा कागद दुय्यम निबंधकाकडून तहसीलला आणि तिथून तलाठ्याकडे जायचा. न गेल्यास घेणारा स्वतः चपला झिजवायचा. ई-फेरफार प्रणालीमुळे नोंदणीची माहिती आपोआप तलाठ्याच्या प्रणालीत जाते, नोटीस निघते आणि हरकतीची 15 दिवसांची मुदत सुरू होते. दोन्ही कार्यालये एकाच महसूल खात्याची, सर्व्हे नंबर दोघांनाही मान्य, आणि पुढची कृती कायद्याने बांधलेली. म्हणून ते जमले.

दुसरे उदाहरण रेशनचे. 'एक देश, एक रेशनकार्ड'ची सुरुवात ऑगस्ट 2019मध्ये झाली, ती दोन जोड्यांपासून: आंध्र-तेलंगणा आणि महाराष्ट्र-गुजरात. कार्ड गावाकडचे आणि धान्य सुरतेत, हे दोन राज्यांच्या नोंदी जुळल्यामुळे शक्य झाले.

तिसरे स्थलांतराचे. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम यांसाठी घर सोडणाऱ्या कुटुंबांची मुले आणि गरोदर बाया पोषण आहारातून निसटू नयेत, म्हणून महिला व बालविकास विभागाने स्थलांतर संनियंत्रण प्रणाली आणली. आधी अमरावती, गडचिरोली, नंदुरबार, जालना अशा मोजक्या जिल्ह्यांत, मग राज्यभर. एका अंगणवाडीतून निघालेले मूल दुसऱ्या जिल्ह्यातल्या अंगणवाडीत ओळखले जावे, हा तिचा हेतू. माहिती आडवी जाण्याची कल्पना आपल्याच राज्यात, आपल्याच यंत्रणेत सुचली, हे महत्त्वाचे.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. माहिती मिळाल्यावर कुणी काय करायचे, हे आधी ठरले होते. नुसते पोर्टल बांधून झाले नाही.

शेगावचा दुसरा प्रश्न : मोजले न जाणारे लोक

2011च्या जनगणनेत शेगाव शहराची लोकसंख्या सुमारे 60 हजार होती. पुढची जनगणना 2021मध्ये व्हायची ती झाली नाही. आता संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. वित्त आयोगाचे अनुदान मुख्यतः लोकसंख्येवर बेतलेले असते, रेशनच्या लाभार्थ्यांची कमाल संख्याही अजून 2011वरच अडली आहे. पण शेगावच्या गटारांवर, नळांवर आणि कचरागाड्यांवर भार पडतो तो 60 हजारांचा नव्हे. गजानन महाराजांच्या दर्शनाला रोज हजारो लोक येतात. प्रकट दिनी, रामनवमीला, ऋषिपंचमीला ही गर्दी लाखांत जाते.

हा भार मोजता येण्याजोगा आहे. रेल्वेकडे तिकिटे आहेत, एसटीकडे फेऱ्या आहेत, महाप्रसाद आणि भक्तनिवासाचा चोख हिशेब गजानन महाराज संस्थानकडे आहे. यात कुणाचे नाव-गाव लागत नाही, फक्त रोजचा आकडा लागतो. तो नगर परिषदेला नियमित मिळाला तर पाणी कधी वाढवायचे, सफाईची पाळी कधी लावायची, रुग्णवाहिका कुठे उभी करायची हे अंदाजावर सोडावे लागणार नाही. शिवाय सरकारपुढे वाढीव निधी मागताना हातात पुरावा राहील. आषाढीला इथून पंढरपूरला जाणारी पालखी अकोला, वाशिम, परभणी, बीड, सोलापूर अशा जिल्ह्यांतून चालते. पुढच्या मुक्कामाच्या ग्रामपंचायतीला मागच्या मुक्कामाचा वारकऱ्यांचा, आजाऱ्यांचा आणि पाण्याच्या टँकरचा आकडा आदल्या रात्री मिळणे, यापेक्षा सोपी आणि उपयोगी देवाणघेवाण शोधून सापडायची नाही.

जोडणी कापण्यासाठी, की देण्यासाठी?

खात्यांच्या याद्या जुळवायच्या म्हटल्या की सरकारला जमते, हे महिलांसाठीच्या लाडकी बहीण योजनेने दाखवले. 2024मध्ये अर्ज घाईने मंजूर झाले आणि 2025मध्ये इतर विभागांच्या याद्यांशी ताळा घेतल्यावर सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सरकारनेच सांगितले. त्यांत पुरुषांची नावेही होती. तपासणी व्हायलाच हवी. पण तोच ताळा उलट्या बाजूने का घेतला जात नाही? मृत्यू नोंदवला गेला की विधवेला निवृत्तिवेतनासाठी कार्यालयाने स्वतः का बोलावू नये? जन्मनोंद झाली की बाळाचे नाव रेशनकार्डावर आपोआप का चढू नये? नाव कापायला याद्या जुळतात. नाव चढवायला माणसाला स्वतः कागद घेऊन रांगेत उभे राहावे लागते.

केवळ कापण्यासाठी केलेली जोडणी किती महाग पडते, हे शेजारच्या तेलंगणात दिसले. तिथे संगणकाने निरनिराळ्या याद्या जुळवून 2016पासून रेशनकार्डे रद्द केली, अनेकदा घरी न जाताच. 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सुमारे 19 लाख रद्द कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करायला सांगावे लागले. यादी जुळली म्हणजे सत्य सापडले असे होत नाही. एकाच नावाची दोन माणसे गावोगाव असतात.

कायद्याची बाजूही इथे पाहायला हवी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017मध्ये ठरवले. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा 2023मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले. लाभ आणि अनुदाने देण्यासाठी सरकारला माहिती वापरण्याची त्यात बरीच मुभा आहे. मात्र याच कायद्याने माहिती अधिकारातले व्यक्तिगत माहितीविषयीचे कलमही बदलले, आणि लाभार्थ्यांच्या याद्या उघड मागणाऱ्या कार्यकर्त्यांना त्याची धास्ती आहे. ही धास्ती अनाठायी नाही. सरकारी खात्यांत नागरिकाची माहिती मोकळी फिरावी आणि नागरिकाला मात्र सरकारची माहिती मिळू नये, ही देवाणघेवाण नव्हे. ती एकतर्फी वाहतूक आहे.

इतरांकडून काय घ्यावे

एस्टोनियासारख्या छोट्या देशाने 2001पासून सर्व खात्यांना जोडणारी प्रणाली उभारली आणि नागरिकाला एकच माहिती पुन्हा पुन्हा मागायची नाही, हे तत्त्व कायद्यात घातले. आपल्याला तंत्रापेक्षा हे तत्त्व घेण्यासारखे आहे. केरळने 1996च्या लोकनियोजन मोहिमेच्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्र, कृषी भवन, अंगणवाडी ही पंचायतीकडे दिली. जबाबदारी एका छताखाली आल्यावर माहितीही तिथे येऊ लागली. राजस्थानने 2019मध्ये जन सूचना पोर्टल काढले, आणि कोणत्या दुकानात किती धान्य आले हे गावकऱ्याला अर्ज न करता पाहता येऊ लागले.

महाराष्ट्रात जिल्हा हा विकासाचा घटक मानून माहिती सुधारण्याच्या कामासाठी जागतिक बँकेने 2024च्या अखेरीस सुमारे 18.8 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पैसा येतो आहे, हे बरे. तो पुन्हा मुंबईतल्या पडद्यावर रंगीत आलेख दाखवण्यात संपू नये, एवढी काळजी घ्यावी लागेल.

मग करायचे काय

पहिले, गावाचा सांकेतांक एक हवा. महसूल गाव, गट ग्रामपंचायत, उपकेंद्राचे गाव आणि रेशन दुकानाचे गाव यांच्या हद्दी निराळ्या आणि नावे सारखी. हिंगणा नावाची गावे विदर्भात किती तरी आहेत. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला क्रमांक आहे; तो प्रत्येक खात्याच्या नमुन्यात सक्तीचा करावा.

दुसरे, तालुक्याला महिन्यातून एकदा गावनिहाय एक पानाचा तक्ता निघावा: पाण्याचा ताजा अहवाल, नेहमीपेक्षा वेगळ्या तक्रारी, रेशनचा साठा आणि त्याचा स्रोत, पाऊस, शाळा सोडलेली मुले. त्यात नावे नकोत, आकडे पुरेत. तो तयार करण्याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्याची असावी. समिती सगळ्यांची असली की कुणाचीच नसते.

तिसरे, घटना अनोळखी असेल तेव्हा तहसीलदार, तालुका आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी आणि नगर परिषदेचे मुख्याधिकारी यांनी 48 तासांत आपापले तक्ते एकत्र ठेवावेत, असा लेखी आदेश आधीच तयार हवा. पुराच्या वेळी जशी आपत्ती व्यवस्थापनाची बैठक बसते, तशीच.

चौथे, यादीतून नाव काढण्याआधी घरी जाऊन खात्री, आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क ग्रामपंचायतीतच.

पाचवे, ग्रामीण आणि शहरी लोकप्रतिनिधी एकत्र बसतात अशी घटनात्मक जागा आहे, ती म्हणजे जिल्हा नियोजन समिती. 2022पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि नगर परिषदा प्रशासकांकडे होत्या. केस गळण्याच्या काळात खात्यांना जाब विचारायला निवडून आलेले लोक जवळपास नव्हतेच. नगर परिषदांच्या निवडणुका डिसेंबर 2025मध्ये झाल्या. नव्या लोकांनी पहिल्या बैठकीत निधीइतकाच आग्रह माहितीचा धरावा.

शेगावच्या बहुतेक रुग्णांचे केस पुन्हा आले. प्रशासनाची सवय मात्र आपोआप बदलणार नाही. ती बदलण्यासाठी महागड्या यंत्रणेची वाट पाहायची गरज नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. पुढच्या ग्रामसभेत गावकऱ्यांनी ठराव करावा: आमच्या गावाचा पाण्याचा, रेशनचा आणि आजारांचा गेल्या वर्षभराचा तक्ता आम्हाला इथे, मराठीत, एका कागदावर वाचून दाखवा. ही माहिती आमच्याच घरून गोळा झाली आहे आणि ती मागण्याचा आम्हाला हक्क आहे.